न दुखणाऱ्या गुडघ्यांचा रविवार

*ताई, मी ६१ वर्षांची, ठाण्यात नौपाड्याला राहते. मे महिन्यात आम्ही दोघं मुलाकडे जर्मनीत, श्टुटगार्टला २१ दिवस राहून आलो. मुलाने रोजचा कार्यक्रम एक्सेलमध्ये आखून ठेवला होता. तिसऱ्या रविवारी नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा बघायला जायचं होतं, तिकिटं काढलेली होती. सकाळी सहाला सगळे बूट घालून उभे, आणि मी म्हटलं, माझे गुडघे दुखताहेत, तुम्ही जाऊन या. खरं सांगते, गुडघे दुखत नव्हते. मला फक्त कुठेही जायचं नव्हतं.*

*दिवसभर बाल्कनीत बसले. दहीभात खाल्ला. लोणच्याची रिकामी बरणी काचेच्या डब्यात टाकायला खाली गेले, तर खालच्या मजल्यावरच्या आजींनी बोट हलवून मला परत पाठवलं. परकी म्हणून असेल. दुपारी तीनला चहासाठी आलं ठेचायला घेतलं. खलबत्ता मीच दिलेला, त्याच्याखाली मुलाने टॉवेलची चौपदरी घडी घालून ठेवली आहे. ठेचता ठेचता एकदम रडू आलं. का ते कळलं नाही.*

*सोमवारी मुलगा हाडांच्या डॉक्टरची वेळ घ्यायला निघाला. मी नको नको म्हटलं, तर म्हणाला, 'आई, तुला इथलं काही आवडतच नाही का?' ह्यांनी हिशेब काढला, विमान, व्हिसा, विमा मिळून आपला दिवस ११,४०० रुपयांना पडतो, बाल्कनीतच बसायचं होतं तर ठाण्याची काय वाईट होती? आता भिशीत सगळ्या जणी राजवाड्याचं विचारतात आणि मी ह्यांनी काढलेले फोटो दाखवते. पण मला त्या सहलीतला तोच एक दिवस सारखा आठवतो. माझं चुकलं का? मुलाला काय सांगू?*

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या प्रश्नासाठी आणि दुसऱ्यांदा गुडघ्यांसाठी.

प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते. राजवाडा बघितला नाहीत यात तुमचं काही चुकलेलं नाही. एक दिवस नुसतं बसून काढलात यातही नाही. चुकलं ते गुडघ्यांपाशी. पण त्यावरून तुम्हाला रागवायचं तर आधी मला स्वतःवरच रागवावं लागेल, कारण या वयापर्यंत मीही काही कमी अवयव दुखवलेले नाहीत. डोकं सगळ्यात सोयीचं. पाठ पाहुण्यांसाठी. पित्त लग्नकार्यांसाठी राखून ठेवलेलं. आमच्या नेरुळच्या घरात 'आज मला काही करायचं नाहीये' हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते, आणि घरातल्या तिघांच्याही तोंडून एकच प्रश्न आला, 'का? काय होतंय?'

काही होत असल्याशिवाय बाई बसत नाही, हे आपल्याकडे धरूनच चाललेलं असतं. ऑफिसात सिक लीव्हला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं ना, तसं घरात बसायला दुखणं लागतं. आमची आजी महिन्यातले चार दिवस बाजूला बसायची. विटाळ, शिवायचं नाही, ताट वेगळं, सगळा अपमानच तो. तरी म्हातारपणी ती म्हणायची, 'तेवढीच बाई पाठ टेकायला मिळायची.' हे ऐकून मी लहानपणी हसले होते. आता हसू येत नाही. आराम मिळायला आधी अपवित्र ठरावं लागत होतं. नाहीतर आजारपण, नाहीतर बाळंतपण. धडधाकट बाईने नुसतं बसावं यासाठी आपल्या भाषेत गोड असा एकच शब्द आहे, माहेरपण. पण त्यासाठी माहेर असावं लागतं, तिथे आई असावी लागते. एकसष्टाव्या वर्षी आपण माहेरपणाला जायचं कुणाकडे?

तुम्ही मुलाकडे गेलात. मला वाटतं त्या रविवारी तुम्ही माहेरपणच घेतलंत, फक्त नाव न सांगता.

आणि घेतलंत तेही अशा देशात, जिथे रविवारी बसायला कारण लागत नाही. जर्मनीची आताची राज्यघटना १९४९ची. तिच्या १४०व्या कलमाने आधीच्या, १९१९च्या वायमार राज्यघटनेतली काही कलमं जशीच्या तशी उचलून घेतली. त्यातलं १३९वं कलम सांगतं की रविवार आणि सरकारमान्य सणवार हे कामापासून विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याने राखले जातील. घटनेत लिहिलंय, ताई! नुसता कागदोपत्री मामलाही नाही. बर्लिनने नाताळच्या आधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायची मोकळीक दिली होती, तेव्हा तिथली चर्च मंडळी थेट घटना न्यायालयात गेली आणि २००९ मध्ये न्यायालयाने ती मोकळीक घटनेत बसत नसल्याचा निकाल दिला. म्हणून तुम्ही बाल्कनीतून बघितलात तो रस्ता तसा होता. दुकानं बंद. बेकरी सकाळी थोडा वेळ उघडी. साडेसात टनांवरचे ट्रक रात्री दहापर्यंत रस्त्यावर येत नाहीत. भिंतीत ड्रिल घालायचं नाही, गवत कापायचं यंत्र फिरवायचं नाही. आवाजाची परवानगी काय ती चर्चच्या घंटेला.

आणि काच टाकायची नाही. तुमच्या बरणीचा गुन्हा हा. पांढरी काच, हिरवी काच, तपकिरी काच असे ते डबे वेगवेगळे असतात, आणि बरणी आत पडली की खळ्ळकन असा आवाज होतो की दोन इमारतींना ऐकू जावा. म्हणून ते काम आठवड्याच्या दिवशी, दिवसाउजेडी. 'परकी म्हणून असेल' असं तुम्ही लिहिलंत. असेलही, मी तिथे नव्हते. पण त्या आजी स्वतःच्या लेकालाही तेच बोट दाखवत असणार अशी माझी खात्री आहे. त्यातून तुमचा मुलगा राहतो तो मुलूख श्वाबियन लोकांचा, आणि ती मंडळी टापटिपीसाठी जर्मनीतही प्रसिद्ध. तिथे केअरवोखं म्हणून प्रकार असतो. जिना आणि आवार झाडायची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते, आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला. मुलाच्या जिन्यात तुम्हाला दिसलीही असेल. आपल्या सोसायटीत एकदा अशी पाटी लावून बघा. पाटी जागेवर राहील, वॉचमन बदलेल. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरं आहेत, पण या बहिणी एका घरात चार दिवस नांदतील असं मला वाटत नाही.

मला त्या शांततेची आरतीही ओवाळायची नाहीये. कुणीतरी सतत आपल्यावर बोट रोखून आहे ही भावना परक्या माणसाला पोखरते. शिवाय ट्रॅम चालवणारे, दवाखान्यातल्या नर्स, बेकरीतली मुलगी यांचा रविवार कुठे जातो? तो दुसऱ्या कुठल्यातरी वारी निघतो. रेस्टॉरंटच्या दारावर सोमवारी नाहीतर मंगळवारी 'रूहेटाग' अशी पाटी दिसते ती त्यासाठीच, म्हणजे आज आमचा विश्रांतीचा वार. मला त्या पाटीतलं एक आवडतं. तिच्यावर कारण लिहिलेलं नसतं. आपल्याकडे दुकान बंद असलं तर 'घरगुती अडचणीमुळे' लिहितात. तुमच्या गुडघ्यांसारखंच.

आपला रविवारही काही आकाशातून पडलेला नाही, आणि ज्यांनी तो मिळवला ते तुमच्या ठाण्याचेच. नारायण मेघाजी लोखंडे, जन्म १८४८, ठाणे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये तेव्हा दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चालायचं, आठवड्याची सुट्टी हा प्रकारच नव्हता. १८८४ मध्ये लोखंड्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन काढली आणि रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असंही त्यांनी मांडलं असं सांगतात. म्हणजे बघा, अंग मोडून आलंय एवढं कारण तेव्हाही पुरेसं नव्हतं, मल्हारीला साक्षीला बोलवावं लागलं. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलायला उभ्या राहिल्या होत्या. त्याच वर्षी १० जूनला मालकांनी सुट्टी मान्य केली.

त्या दोघींचा मला नेहमी विचार येतो. पहिल्या रविवारी गिरणीचा भोंगा त्यांच्यासाठी वाजला नाही हे छानच झालं. पण चूल पेटवली असणारच ना? आपल्या घरांत रविवार म्हणजे मटण, नाहीतर पुरी-भाजी, नाहीतर 'आज काहीतरी वेगळं कर'. मामलेदारची मिसळ पार्सल आणली तरी कांदा चिरायला आपणच. आठवड्यातला सगळ्यात जास्त भांड्यांचा दिवस. तुम्ही 'दहीभात खाल्ला' असं दोन शब्दांत उरकलंत, पण मला विचाराल तर त्या दिवसातली सगळ्यात मोठी घटना तीच. स्वतःपुरता, एका वाडग्यात, कुणाला वाढायचं नाही. असा रविवार याआधी कधी मिळाला होता, आठवून बघा बरं.

आता पैशांचं. दिवसाला ११,४०० या हिशेबाने ह्यांना विचारा, रोज आठ तास झोपायचो त्याचे ३,८०० धरायचे का? घोरायचे वेगळे?

हसण्यावारी नेते आहे, पण मी स्वतः या हिशेबात एकदा चांगली सापडले होते. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका टूरबरोबर युरोपला गेलो. पंधरा दिवसांत दहा देश. सकाळी सहाला उठवायचे, बॅगा दाराबाहेर, पोहे खा, बसमध्ये बसा, झोपा, उठा, फोटो, परत बसा. तिथल्या कायद्याप्रमाणे ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास विश्रांती द्यावीच लागते. तो आमचा ड्रायव्हर मग गाडी लावून शांतपणे सँडविच काढायचा, बाकावर पाय पसरायचा, डोळे मिटायचा. आणि आम्ही चाळीस जण तेवढ्या वेळात धावत जाऊन कसला तरी पुतळा बघून यायचो. नवव्या दिवशी मला ताप भरला आणि मी दिवसभर हॉटेलात पडून राहिले. खिडकीतून समोर एक शाळा दिसत होती. मुलं डबा खाताना बघितली, एकाने दुसऱ्याचं सफरचंद पळवलं, मग दोघांना एकाच भिंतीपाशी उभं केलं. आज त्या दहा देशांतले पुतळे मला एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. सफरचंदवाला अजून दिसतो. पण माझा ताप खरा होता हं. मला कुणाला काही समजवावं लागलं नाही.

ह्यांना आणखी एक गोष्ट ऐकवा. तो राजवाडा बवेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाने १८६९ मध्ये बांधायला घेतला तो माणसांपासून लांब, एकटं राहता यावं म्हणून. पुरता होईना. राजा तिथे सगळे मिळून सहा महिनेसुद्धा राहिला नाही. १८८६च्या जूनमध्ये तो गेला, आणि सात आठवड्यांत राजवाडा तिकीट लावून लोकांना खुला झाला. आता वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं येतात, ठरावीक वेळेचं तिकीट, आत साधारण अर्धा तास, आणि आत फोटो काढायला मनाई. म्हणजे तुम्ही भिशीत दाखवता ते फोटो बाहेरूनच काढलेले असणार. एकांतासाठी बांधलेल्या वाड्यात ह्यांना रांग मिळाली. एकांत तुम्हाला मिळाला, दोनशे किलोमीटर अलीकडे, बाल्कनीत.

तरी ह्यांचा राग सगळा पैशांचा असेल असं मला वाटत नाही. तीन तास गाडी, वर चढण, शेजारी मुलगा-सून, आणि 'अगं हे बघ' म्हणायला बाजूला कुणी नाही. पुरुषांना हे नीट सांगता येत नाही. मग ते भागाकार करतात.

आता मुलगा. इथे मात्र मी तुम्हाला बोलणार आहे.

सकाळी सहाला, सगळे बूट घालून उभे असताना, तिकिटं काढलेली असताना सांगणं हे चुकलं. शनिवारी रात्री जेवताना सांगितलं असतंत तर तिकीट वाया गेलंच असतं, पण त्याचं तोंड पडलं नसतं. आणि गुडघे पुढे केलेत, त्यामुळे तो बिचारा दिवसभर राजवाड्यात तुमच्या गुडघ्यांसकट फिरला असणार. सोमवारी डॉक्टर शोधायला लागला. तुम्ही नको म्हणालात, तेव्हा त्याला दोन आणि दोन चार दिसले. गुडघे ठीक आहेत, म्हणजे आईला यायचंच नव्हतं. आणि यायचं नव्हतं, म्हणजे इथलं काही आवडत नाही. त्याने चुकीचं उत्तर काढलं, पण आकडे तुम्हीच दिलेत.

जरा त्याच्या बाजूने बघा. परदेशात राहणाऱ्या मुलांना आई-बाबा यायचे म्हटलं की काय होतं, हे माझ्या भाचीकडे मी जवळून बघितलंय. महिनाभर आधी पडदे धुतात. सुट्ट्या साठवतात. आणि मग एक्सेल. ती यादी प्रेक्षणीय स्थळांची दिसते खरी, पण तिचा खरा मथळा असतो 'मी इतक्या लांब आलो ते उगाच नाही'. एक जरी खण रिकामा ठेवला तर त्यात आई काय बघेल, याची त्यांना धास्ती असते. संध्याकाळी पाचलाच अंधार पडणारा हिवाळा ती दाखवत नाहीत. मे महिन्यातले राजवाडे दाखवतात.

आणि तुम्ही नेमका तो रिकामा खण बघितलात.

म्हणून तीन वाजताच्या रडण्याबद्दल थोडं लिहिते. चुकत असेन तर सोडून द्या. एक तर आपले कान. नौपाड्यात रविवारी दुपारी तीनला काय काय चालू असतं? वरच्या मजल्यावर कुणाचं तरी टाइल्सचं काम, भंगारवाला, कुणाची तरी शिट्टीवर शिट्टी, गोखले रोडचे हॉर्न, आणि गणपती जवळ आले असतील तर ढोल-ताशाची तालीम. आपण कितीही कटकट केली तरी हा आवाज म्हणजे सगळं ठीक आहे अशी खूण असते. संपूर्ण शांतता आपण आयुष्यात एकदाच ऐकली, २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये, आणि तेव्हा काय चाललं होतं ते आठवतंच आहे. त्यामुळे रस्ता गप्प झाला की आपल्या पोटात आधी गोळा येतो, कारण नंतर कळतं.

पण मला वाटतं, खरं कारण तुम्ही पत्रात लिहूनच टाकलंय. टॉवेल. तुमच्या घरी हा मुलगा खलबत्त्याचा आवाज ऐकत मोठा झाला. सकाळी आलं-वेलची ठेचल्याचा ठक ठक आवाज म्हणजे चहा होतोय, उठायची वेळ झाली. तोच खलबत्ता त्याने तिथे नेला, आणि खालच्या आजींना त्रास नको म्हणून टॉवेलची घडी केली, चौपदरी, नीट कडा जुळवून. अठरा दिवस तुम्ही त्या घरात होतात, पण सकाळी गाडीत आणि रात्री अंथरुणात. त्या दिवशी पहिल्यांदा तुमच्या हातून तिथे आलं ठेचलं गेलं आणि आवाज आला नाही.

यावर दोन गोष्टी म्हणता येतात आणि मला दोन्ही खऱ्या वाटतात. एक, लेकराला आपल्या घरात आल्याचा तुकडासुद्धा दबक्या हाताने ठेचावा लागतो. दुसरी, लेकरू दुसऱ्याच्या दुपारच्या झोपेचा विचार करणारं निघालं. त्याला या टॉवेलचं काही वाटतं की नाही, की आता लक्षातही येत नाही, ते फक्त त्यालाच माहीत. तुम्ही ठाण्यात बसून त्याच्या वतीने वाईट वाटून घेऊ नका. आणि उगाच अभिमानही वाटून घेऊ नका.

भिशीतल्या मैत्रिणींना काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी असते तर फोटो बाजूला ठेवून बरणीची गोष्ट सांगितली असती. एकेकीच्या परदेशातल्या फजित्या बाहेर पडतील, चहा दोनदा करावा लागेल.

पुढच्या खेपेचं मात्र आत्ताच ठरवून टाका, कारण पुढची खेप होणार हे मला पत्रातून दिसतंय. मुलाला म्हणावं, तुझ्या त्या एक्सेलमध्ये दर चौथ्या दिवसाचा खण रिकामा ठेव, आणि त्यात 'आराम' असंही लिहू नकोस, नुसता रिकामा ठेव. पहिले दोन दिवस तर ठेवच. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार, आणि या वयात पोटाला घड्याळ जुळवायला वेळ लागतो. रिकामा दिवस शक्यतो रविवार धरा. दूध, ब्रेड, दही शनिवारी संध्याकाळीच आणून ठेवायचं. ज्यांना फिरायचंय त्यांना फिरू द्या, तिथली संग्रहालयं रविवारी बहुतेक उघडी असतात, बंद असतात ती सोमवारी. सगळ्यांनी मिळून आराम करायचा असा हट्ट धरू नका. चौघांनी मिळून आराम केला की त्यात परत स्वयंपाक येतो.

आणि हो, बरणी घेऊन खाली गेलात तेव्हा किल्ली बरोबर नेली होती ना? मला वाचतानाच धस्स झालं. तिथली दारं नुसती ओढली की लागतात, आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत. रविवारी किल्लीवाला बोलवायचा म्हणजे ह्यांचे ११,४०० कमी पडतील. एकटं राहायचं त्या दिवशी किल्ली गळ्यात अडकवा, शाळकरी मुलांसारखी. फोनमध्ये मुलाचा नंबर सगळ्यात वर, आणि ११२ हा तिथला तातडीचा नंबर लक्षात असू द्या. एवढं केलंत की मग बसा खुशाल.

ठाण्यात असा रविवार काढायचा म्हणाल तर महिन्यातून एकाने सुरुवात करा. मी करते. पोळ्या शनिवारी रात्री पोळीभाजी केंद्रातून आणते. पहिल्या दोन वेळेला घरच्यांनी कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून. तिसऱ्या वेळेला नवऱ्याने स्वतःचा चहा केला. माझा नाही केला, पण तेही होईल.

राहिलं मुलाला काय सांगायचं ते. पत्र नको, मेसेज तर मुळीच नको. फोन करा, आणि रविवारीच करा. आपल्याकडे दुपारचे दोन म्हणजे त्यांच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा, चहा पिऊन बसलेले असतील. आरामाचे फायदे सांगू नका, रक्तदाब मध्ये आणू नका. त्याने विचारलं होतं, तुला इथलं काही आवडतच नाही का. त्याचं उत्तर द्या. समोरच्या झाडावर काय होतं, घंटा किती वेळ वाजली, उन्हाचा पट्टा बाल्कनीत कुठून कुठे सरकला, त्याच्या खुर्चीचा डावा हात किती गुळगुळीत झालाय, असं जे जे बघितलंत ते सांगा. आधी बरणीचं सांगा, तो हसेल. तो हसला की गुडघ्यांचं खरं काय ते सांगून टाका, 'दुखत नव्हते रे, मला नुसतं तुझ्या घरात बसायचं होतं.' टॉवेलचं विचारायचं की नाही, ते त्याचा आवाज ऐकून ठरवा.